पाय काढला तरी

सोमवार, ३ मार्च

ही खरं तर ट्रॅक्टरची वही. पुढून डिझेल, तेल, तास लिहिते, ते सगळ्यांनी बघावं. मागून हे माझं, ते कोणी बघू नये. रात्री चादरींखाली कपाटात जाते.

आज सीट मागे सरकवलेली सापडली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मी चढले आणि पाय हवेत लोंबकळत राहिले.

धाकटीचं काम. धाकटी म्हणजे माझी जाऊ. ती आणि भावजी पंधरा दिवसांपूर्वी कायमचे इथे राहायला आले. ती शेतीयंत्रांच्या वर्कशॉपात मेकॅनिक होती, ते वर्कशॉप बंद पडलं. सासूबाईंना आनंद मावत नाही. मलाही आनंदच झाला, असं मी सगळ्यांना सांगते.

आमची नर्सरी मोठी नाही. तीन शेडनेट, एक पाण्याची टाकी, रोपं भरायची पत्र्याची शेड, आणि बाजूला ह्यांचं वेल्डिंगचं दुकान. त्यात हा छोटा ट्रॅक्टर. त्याला क्लच-गिअरची भानगड नाही. आत तेलाचा पंप आहे. पेडल जेवढं दाबाल तेवढा पळतो, पाय काढला की जागच्या जागी उभा. दोन वाफ्यांच्या मधून तो न्यावा तर मीच. माझी उंची बेताची, पाय पेडलला पोचेना, तेव्हा ह्यांनी पेडलवर लोखंडी पट्टी वेल्ड करून दिली. लग्नाला एकवीस वर्षं झाली, ह्यांनी स्वतःच्या हाताने मला करून दिलेली वस्तू म्हणजे ती एक पट्टी.

धाकटी सहा फुटाला दोन बोटं कमी. म्हणते, "ताई, पट्टी मस्त आहे हो, फक्त माझा गुडघा मुडपतो." मुडपू दे की. कोणी बसायला सांगितलं होतं?

गुरुवार, ६ मार्च

पुन्हा सीट मागे. बसायचं तर बस, उतरताना होती तशी करून ठेवायला हात झिजतात का?

दुपारी चहाला सगळे शेडमध्ये. सासूबाई म्हणाल्या, "धाकटीच्या हाताला गुण आहे. फवारणीचा पंप वर्षभर कुरकुरत होता, हिने हात लावला आणि गप्प." तो पंप वर्षभर मीच चालवत होते, त्याचं काही नाही. आणि हे! घरी दिवसाला दहा वाक्यं बोलणारा माणूस, तिच्याशी अर्धा तास बेअरिंगवर बोलत होता. हसत होता! बेअरिंगमध्ये हसण्यासारखं काय असतं ते मला कोणीतरी सांगा.

लिहायला लाज कसली. मला हेवा वाटतो. तिला त्या सीटवर बघून.

शनिवार, ८ मार्च

ह्यांच्या भंगाराच्या डब्यात जुन्या टायरचा जाड तुकडा सापडला. पट्टीवर बसवून टाकला. दोन बोल्ट मारले, चांगले अंगठ्याएवढे. ओल्या बुटाने पाय घसरतो म्हणून बसवला. पूर्वीही घसरायचा, आताच सुचलं एवढंच.

आता धाकटी बसली की तिचा गुडघा थेट स्टिअरिंगला लागतो. दोन फेऱ्या मारून उतरली. म्हणाली, "ताई, हे तुम्ही बसवलंत?" म्हटलं, "अगं हो, पायाला आधार लागतो माझ्या. वय झालं." उरलेला दिवस ढकलगाडीने माती वाहिली तिने.

जेवण चांगलं गेलं आज.

सोमवार, १० मार्च

टाकीजवळ ट्रॅक्टर थांबवला, पाय काढला, पाइप लावायला वळले तर जागा बदललेली वाटली. हातभर पुढे. उतार असेल. टाकी गळते, माती खचली असेल तिकडे.

बुधवार, १२ मार्च



सकाळी शेडमध्ये ट्रॉली लावली. पाय काढला, इंजिन चालूच, मागे वळून कामाच्या बायकांना सांगत होते की क्रेट आधी खालचे उतरवा. तेवढ्यात कोणीतरी किंचाळलं. पुढे बघते तर ट्रॅक्टर चाललाय! मुंगीच्या पावलांनी, इंजिनचा आवाज न बदलता, थेट सासूबाईंच्या टेबलाकडे. त्या स्टुलावर बसून बिया पेरत होत्या, पाठ आमच्याकडे. कानाने कमी ऐकू येतं त्यांना. मी ब्रेकवर उभी राहिले. टेबलाचा पाय मोडला, रोपांचे तीन ट्रे चाकाखाली गेले, टेबलाच्या धक्क्याने स्टूल सरकलं. सासूबाईंना खरचटलंसुद्धा नाही. पण चाक आणि त्यांची पाठ यांत वीतभरच अंतर होतं. मी ते पुन्हा पुन्हा बोटांनी मोजतेय.

सासूबाईंनी अंगावरची माती झटकली. मग म्हणाल्या, "चावी दे." आणि सगळ्यांसमोर मी चावी दिली. नऊ वर्षांनी.

"पुढच्या शनिवारी एजंटाला बोलावते. विकून टाकू. तोवर दुरुस्त झाला आणि माझ्यासमोर उभा राहून दाखवला, तर ठेवू. आणि मग मी ठरवीन कोणी चालवायचा ते."

"पाय होता का तुझा पेडलवर?" ह्यांनी विचारलं. ह्यांनी! मी म्हटलं, "नव्हता. तुमची शपथ, नव्हता." हे मान हलवत निघून गेले.

आता मला कोणी सांगावं. नऊ वर्षं हा ट्रॅक्टर शहाण्यासारखा उभा राहायचा. धाकटी आली आणि महिन्याच्या आत रांगायला लागला. हिने काहीतरी खुडबुड केली असणार. मेकॅनिकच्या हाताला खाज असते.

गुरुवार, १३ मार्च

दिवसभर धाकटीच्या हाताखाली टॉर्च धरून उभी. माझ्यावर ही वेळ!

पण जे बघितलं ते लिहिते. तिने आधी ट्रॅक्टर सपाट फरशीवर घेतला. वाटीत पाणी घालून फरशी सपाट आहे का तेही पाहिलं, म्हणजे उताराचं कारण गेलं. पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागचा भाग जॅकवर उचलला, खाली लाकडी ओंडके दिले. इंजिन सुरू केलं. कोणाचा पाय नाही, काही नाही, आणि मागची चाकं हवेत हळूहळू फिरताहेत!

मग ती खाली शिरली. पेडलपासून पंपाच्या दांड्यापर्यंत एक सळी जाते, ती तिने पंपाकडून सोडवली. चाकं थांबली.

"बघा ताई. सळी सोडली आणि चाकं थांबली, म्हणजे पंप शहाणा आहे. आतलं काही बिघडलेलं नाही. पेडलपासून इथपर्यंत काहीतरी त्याला सांगतंय की चल, चल."

"म्हणजे काय?"

"म्हणजे पाय काढल्यावर पेडल पूर्ण वर येत नाहीये. केसभर कमी येतं. त्या केसभराने पंप चालू राहतो." मग तोंड वर करून विचारलं, "ताई, कधीपासून रांगतोय? आठवतं का?"

"तू आल्यापासून," मी म्हटलं.

तिने मान खाली घातली आणि सळीवरचा नट फिरवायला लागली. पाव फेरा, बघायचं. पाव फेरा, बघायचं. चाकं थांबली. पेडल दाबून सोडलं, थांबली. दहा वेळा केलं. सासूबाई, हे, भावजी, सगळे बघायला आले. हे म्हणाले, "वा!" एकवीस वर्षांत मला एकदाच वा म्हणाले असतील. त्या वेळी मी आजारी होते आणि गोळी न थुंकता गिळली होती.

सासूबाईंनी चावी तिच्या हातात दिली. माझ्या डोळ्यांदेखत.

शनिवार, १५ मार्च

पुन्हा रांगला! धाकटी स्वतः चालवत होती, टाकीपाशी थांबली आणि तो निघाला. तिने लगेच ब्रेक लावला म्हणून बरं.

खरं लिहिते. मला बरं वाटलं. असं बरं वाटलं की मला माझीच भीती वाटली, पण बरं वाटलं हे खरं.

ती ट्रॅक्टरशेजारी उकिडवी बसून होती. "नट फिरवून मी नुसता ताप उतरवला ताई. दुखणं दुसरीकडेच आहे. पेडल कधी जास्त अडकतं, कधी कमी."

मी म्हटलं, "वर्कशॉप बंद पडलं ते उगाच नाही पडलं."

तोंडातून गेलं. मागे घेता आलं असतं तर घेतलं असतं. बहुतेक. ती उठली, हात पुसले, आणि "बघते उद्या" म्हणून गेली. भावजींनी ऐकलं होतं. ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

रविवार, १६ मार्च

माझा उजवा बूट सापडत नव्हता. डावा जागेवर, उजवा नाही. सकाळभर चपलांवर काम केलं. संध्याकाळी पायरीवर आपोआप हजर! तळाला कडेकडेने पांढरी रेघ. कुठल्यातरी चुन्यात पडला असेल.

ह्यांच्या दुकानात गेले विचारायला तर हे आणि धाकटी दोघं टेबलावर वाकलेले. मी आत आले तशी दोघं गप्प. हे म्हणाले, "काही नाही, चहा झाला का?" चारच्या चहाला तीन तास झाले होते.

सोमवार, १७ मार्च

कळलं मला. सगळं कळलं.

दुकानाच्या मागच्या खिडकीतून पाहिलं. हे अॅल्युमिनिअमचा पत्रा कापत होते, धाकटी धरून उभी. आकार पाहिल्याबरोबर ओळखला. पट्टी! पेडलची पट्टी. हे तिला पट्टी करून देताहेत.

माझी लोखंडी, भंगारातली, तिला नवीकोरी अॅल्युमिनिअमची. कडा घासून गोल करत होते. माझ्या पट्टीच्या कडा अजून बुटाला कापतात. आणि मध्ये मध्ये ती काही सांगत होती आणि हे मान डोलवत होते. मी सांगितलेलं कधी एवढं मन लावून ऐकलंय?

ट्रॅक्टर गेला, चावी गेली, सासूबाई तिच्या झाल्या. पट्टी तेवढी राहिली होती माझी. तीही तिलाच द्या. चुलीत घाला माझ्या नावाने सगळं.

जेवताना ह्यांनी मीठ मागितलं. मी ऐकलं नाही. पुन्हा मागितलं. उठून घ्या म्हटलं. हे माझ्याकडे असे बघत राहिले जसं काही मीच गुन्हा केलाय.

बुधवार, १९ मार्च

आज काय काय झालं, क्रमाने लिहिते.

सकाळी धाकटी एकटीच ट्रॅक्टरपाशी होती, तासभर. मग तिने सगळ्यांना बोलावलं. जॅकवर घेतला, चाकं स्थिर. खाली उतरवला, फरशीवर स्थिर. गरम झाल्यावर स्थिर. सासूबाईंनी स्वतः विटेची रेघ मारली चाकापुढे आणि पाव तास स्टूल टाकून बसल्या. हलला नाही.

"काय होतं गं?" सासूबाईंनी विचारलं.

धाकटी म्हणाली, "पेडलची स्प्रिंग थकली होती आई, ती बदलली. आणि नट मी चुकीचा फिरवला होता परवा. मी आल्यापासून जे हात लावले त्यात बिघडवलं असणार. माझीच चूक."

"एवढी वर्षं वर्कशॉपात काय केलंस मग?" सासूबाईंचा आवाज चढला. "माझ्या अंगावर आला होता तो!" धाकटी मान खाली घालून उभी राहिली. सासूबाईंनी तिच्याकडून चावी काढून घेतली आणि माझ्या हातावर ठेवली. "तूच चालव. ही यायच्या आधी तुझ्या हाती कधी असं झालं नव्हतं."

चला! शेवटी देवाने बघितलं. मी चावी मुठीत घट्ट धरून दुपारी ट्रॅक्टरवर चढले. पाय ठेवला तर पट्टी थंडगार, घसरडी. टायरचा तुकडा नाही! हत्यारांच्या ट्रेमध्ये पडला होता, दोन्ही बोल्ट शेजारी. विचारलं तर म्हणते, "धुवायला काढला होता ताई." तुकड्याची एक कड घासून चकचकीत झाली होती. पाय ठेवायच्या फळीला बरोबर त्याच उंचीवर काळा ओरखडा.

माझी चीड अशी की हिने मला न विचारता काढलाच कसा. कधी बसवला होता ते तारखेनिशी सुनवावं म्हणून ही वही उघडली.

आठ तारखेला तुकडा बसवला. दहा तारखेला टाकीजवळ हातभर पुढे.

दोन्ही एकाच पानावर आहेत. माझ्याच अक्षरात. मध्ये दोन ओळी मोकळ्या.

मी परत खाली गेले. वाकून स्प्रिंग पाहिली. जुनीच आहे. माझ्या हाताने लावलेल्या ग्रीसचा वाळलेला गोळासुद्धा तिथेच.

म्हणजे स्प्रिंग थकलीच नव्हती. टायरची कड फळीला घासत होती, वरून त्या दोन बोल्टांचं ओझं, आणि पेडल केसभर खाली राहत होतं. सासूबाईंच्या पाठीपासून वीतभर अंतर होतं, ते मी आणलं होतं. गुडघा मुडपावा म्हणून.

आणि तिला ठाऊक आहे. तिने तुकडा हातात घेतलेला आहे.

गुरुवार, २० मार्च

सांगितलं नाही. दिवसभर ट्रॅक्टर चालवला. सगळे म्हणाले, तुझ्या हाती कसा शहाण्यासारखा चालतो. धाकटी ढकलगाडीने माती वाहत होती. मी तीन वेळा तिच्या बाजूने गेले. तिन्ही वेळा तिने गाडी बाजूला घेऊन मला वाट दिली.

सांगून काय होणार आहे? ट्रॅक्टर नीट झाला. कोणाला लागलं नाही. तिनेच आपण होऊन सांगितलं, मी कुठे सांगायला लावलं?

जेवण गेलं नाही.

शुक्रवार, २१ मार्च

दुपारच्या चहाला हे शेडमध्ये आले, हातात ती अॅल्युमिनिअमची पट्टी. मला वाटलं, आता माझ्यासमोर तिला देणार. उठून जाणार होते.

ह्यांनी ती माझ्या मांडीवर ठेवली.

हलकी, कागदासारखी. वर खोबणी पाडलेल्या, पाय घसरू नये म्हणून. मागे खडूची रेघ अजून पुसली नव्हती, एका पायाच्या आकाराची. बुटका, रुंद, अंगठ्याकडे वाकडा पाय. तो पाय मी ओळखते. आणि एका टोकाला बिजागरी.

"हिची कल्पना," हे धाकटीकडे मान करून म्हणाले. "मी म्हटलं जुनी कापून टाकू आणि साधं लांब पेडल बसवू. तर म्हणे, नको दादा, ती पट्टी ताईंची आहे. बिजागरीवर बसवू. ताई चालवतील तेव्हा खाली, मी चालवीन तेव्हा वर उचलून अडकवायची. आणि मापाला बूट मीच चोरला होता तुझा. म्हटलं, विचारलं तर देणार नाहीस, चार प्रश्न विचारशील."

"आता मी कुठली चालवायला," धाकटी हसून म्हणाली. "वर खाली करायचं काही कामच नाही आता. पण ताईंना हलकी तरी होईल."

कामाच्या बायका होत्या, भावजी होते, सासूबाई होत्या. मी चहा बाजूला ठेवला.

"आई," मी म्हटलं, "मोठ्याने बोलते, ऐका. स्प्रिंग थकली नव्हती. ती जुनीच आहे, जाऊन बघा. टायरचा तुकडा मी बसवला होता पेडलवर. तो घासत होता. त्यानेच रांगत होता. तुमच्या अंगावर माझ्यामुळे आला."

"पाय घसरतो म्हणून बसवलास ना?" सासूबाई म्हणाल्या. वाट मोकळी करून दिली त्यांनी मला. हो म्हणाले असते तर संपलं असतं.

"नाही. हिला बसता येऊ नये म्हणून."

भावजींनी कप खाली ठेवला. हे माझ्याकडे बघत होते आणि मी ह्यांच्याकडे बघू शकत नव्हते. धाकटीच पटकन म्हणाली, "अहो ताई, जाऊ द्या ना, झालं ते..."

"तू गप्प बस गं," मी म्हटलं. "एक तर खोटं बोललीस आणि वर मलाच गप्प करतेस?" आणि मला रडू आलं. सगळ्यांसमोर. नाक गळायला लागलं.

सासूबाई उठल्या. वाटलं, आता चावी मागतील. मीच कमरेची काढून पुढे केली. त्यांनी घेतली, शेडच्या खांबापर्यंत गेल्या, तिथे एक खिळा आहे पोती अडकवायचा, त्याला टांगली.

"इथे राहील," म्हणाल्या. "ज्याला काम असेल त्याने घ्यावी. एजंटाला नको म्हणून सांगते." मग माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि हळूच, फक्त मला ऐकू येईल असं, म्हणाल्या, "वीतभर." एवढंच म्हणाल्या. आयुष्यभर ऐकू येईल मला ते.

सोमवार, २४ मार्च

नवी पट्टी बसली. ह्यांनी जुनी कापताना आधी मला विचारलं. म्हटलं, कापा, पण भंगारात टाकू नका. ती कपाटात आहे, या वहीखाली.

धाकटीला परवाच्या बोलण्याबद्दल, वर्कशॉपबद्दल, सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "लागलं होतं ताई." मला वाटलं होतं म्हणेल की छे छे, काही नाही. म्हणाली नाही. बरं झालं.

हे आणि ती आज परत बेअरिंगवर बोलत बसले होते. जरा टोचलं. थोडंच. मी पण स्टूल ओढून बसले. विषय अजिबात विनोदी नाही.

संध्याकाळी पाचला ट्रॅक्टर शेडमध्ये लावला. उद्या सकाळी तिची पाळी. पाय काढला आणि चाकाकडे बघत बसून राहिले. उभा होता. ब्रेक लावला, इंजिन बंद केलं, चावी खिळ्याला लावली. दारापर्यंत गेले आणि परत आले. पट्टी वर उचलून अडकवून ठेवली.

सीट मात्र मागे सरकवली नाही. तेवढं तिचं तिने करावं.